पोफळीत उलटा झालेला माणूस

गौरी-गणपती आटोपले की आमच्या वाचनालयात चार-सहा दिवस चाकरमान्यांची वर्दळ असते. परतीच्या गाडीला अवकाश असतो, पाऊस बाहेर पडू देत नाही, मग माणसं जुन्या आठवणीने वाचनालयाची पायरी चढतात. २०२५च्या सप्टेंबरात अशाच एक बाई आल्या. वय चौपन्न. माहेर गुहागरातलंच, लग्न होऊन मुंबईकडे गेलेल्या. छत्री दाराशी टेकवून त्या म्हणाल्या, "भाऊ, एक गोष्ट शोधायची आहे. नाव ठाऊक नाही. लेखक बहुधा धारप. चांदोबात आली होती."

मी वही काढली. अशा शोधांसाठी मी एक वेगळी वही ठेवतो. ताईंनी सांगितलं ते शब्द न बदलता उतरवून घेतलं:

"एक माणूस पोफळीत काम करत असतो. वीज कडाडते आणि तो उलटा होतो. खाली डोकं वर पाय असा नव्हे, डाव्याचा उजवा होतो. काळीज उजवीकडे जातं. अक्षरं उलटी दिसायला लागतात. ताटभर जेवतो पण अंगी लागत नाही, उपाशीच राहतो. गणपतीची डावी सोंड उजवी होते. तो बोलर असतो, दुसऱ्याच हाताने बॉल टाकतो. शेवटी मोठा स्फोट होतो."

हे सगळं त्या एका दमात बोलल्या. बेचाळीस वर्षं मनात घोळवलेलं असणार. वाचनालयात आम्ही दोघंच होतो आणि 'उपाशीच राहतो' म्हणताना त्यांचा आवाज उतरला, हे मला अजून आठवतं. लहानपणी वाचलेली गोष्ट शोधत येणारा माणूस फक्त कुतूहलापोटी येत नाही. त्याचं काहीतरी तिथे राहिलेलं असतं. म्हणून असा शोध मी कधी 'नंतर बघू' म्हणून बाजूला टाकत नाही.

पहिले आठ दिवस वाया

नारायण धारप म्हणजे भयकथा असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं, पण त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या आहेत. त्यामुळे ताईंचं म्हणणं अशक्य वाटलं नाही. आमच्याकडे आहेत तेवढे धारप मी रात्री घरी नेऊन चाळले. चांदोबाच्या बाबतीत मात्र मला पहिल्यापासून शंका होती. विक्रम-वेताळ, राजे, व्यापारी, राक्षस यांच्यात वीज अंगावर घेऊन उलटा होणारा माणूस बसत नव्हता. गावातल्या दोन-तीन जाणत्या वाचकांना विचारलं, तर सगळ्यांनी गणपती हाच धागा पकडला आणि गणेश विशेषांक बघायला सांगितलं. तेही बघितले. अष्टविनायक, स्तोत्रं, मूर्तिशास्त्र, सगळं होतं. ही गोष्ट नव्हती.

आठव्या दिवशी वही पुन्हा उघडली तेव्हा चूक ध्यानात आली. मी ताईंना गोष्ट काय होती हे विचारलं, ती कुठून आली हे विचारलंच नव्हतं. लेखकाचं नाव, मासिकाचं नाव, गोष्टीचा प्रकार या तिन्ही गोष्टी आठवणीत सगळ्यात कच्च्या असतात. शेजारच्या पुस्तकाचं नाव येऊन चिकटतं, घरात जे मासिक जास्त यायचं त्याचा शिक्का सगळ्यांवर बसतो. आयझॅक असिमोव्हच्या 'द लास्ट क्वेश्चन' या १९५६च्या कथेचं उदाहरण मी नेहमी देतो. वाचकांना तिचा शेवट लख्ख आठवे, पण नाव आठवत नसे, आणि ती असिमोव्हची आहे याचीही खात्री नसे. तशी विचारणा पुन्हा पुन्हा होई आणि प्रत्येक वेळी उत्तर तीच कथा असे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

माणूस जे सहसा विसरत नाही ते वेगळंच असतं: कुठे बसलो होतो, उजेड कसला होता, बाजूला कोण होतं. मी ताईंना फोन केला.

"मामाच्या माळ्यावर," त्या लगेच म्हणाल्या. "गणपतीची सुट्टी. खाली मोदकांचा वास. मी पोटावर पालथी पडून वाचत होते."

"पुस्तक होतं की मासिक?"

"पान मोठं होतं. मधून रेघ. दोन रकाने. वर कोपऱ्यात पागोळीचं पाणी लागून पिवळा डाग."

दोन रकाने म्हणजे मासिक किंवा दिवाळी अंक, कथासंग्रह नव्हे. चांदोबांचा गठ्ठा त्याच माळ्यावर होता, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. शिक्का कुठून बसला ते कळलं. धारपांचं एक पुस्तक मामी रात्री वाचायची आणि मुलांना हात लावू द्यायची नाही. तोही उलगडा झाला.

"साल?"

"वर्ल्ड कप जिंकला ते. मामेभाऊ अंगणात कपिल देव व्हायचा."

म्हणजे १९८३. इथे एक सांभाळावं लागतं. वाचल्याचं साल हे छापल्याचं साल नव्हे. माळ्यावरचा अंक दहा-पंधरा वर्षं जुना असू शकतो. १९८३वरून एवढंच ठरतं की कथा त्यानंतरची नाही. पण एवढं ठरलं तरी अर्धी कपाटं बाद होतात.

आणखी एक बारीक गोष्ट त्या बोलून गेल्या. माळ्यावर मामेभावाने कागदाची पट्टी कापून, तिला एक पीळ देऊन टोकं चिकटवली होती आणि पेन्सिल न उचलता दोन्ही बाजूंनी रेघ ओढून दाखवली होती. ती पट्टी कथेत होती की फक्त भावाच्या हातात, हे त्यांना सांगता येईना. मला त्याने फरक पडत नव्हता. ती मोबिअसची पट्टी होती, आणि तिच्यामुळे मी देवाच्या कपाटापासून गणिताच्या कपाटाकडे वळलो.

डावी चप्पल, उजवी चप्पल

कथा ओळखायची तर तिच्यातलं विज्ञान आधी नीट समजून घ्यावं लागतं, म्हणून हे सविस्तर सांगतो. मी स्वतःसाठी काय केलं ते असं: जुन्या वर्तमानपत्रावर डाव्या पायाची चप्पल ठेवून कड आखली, तो आकार कापला आणि टेबलावर ठेवला. टेबलाला चिकटून तो कितीही सरकवा, गोल फिरवा, डाव्या पायाचाच राहतो. पण उचलून पालथा घातला की झाला उजव्या पायाचा. कागदाला लांबी-रुंदी होती, आपण त्याला क्षणभर उंचीतून फिरवून आणलं. आता खरी चप्पल घ्या. ती कशीही फिरवली तरी डावीची उजवी होत नाही, कारण तिला फिरवून आणायला चौथी दिशा आपल्याकडे नाही. विज्ञानकथा लिहिणारा म्हणतो, समजा असती तर?

आमच्याकडच्या माणसाला हे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, जास्त चांगलं कळतं. साच्यात डोकावलं की डाव्या सोंडेच्या मूर्तीची सोंड उलट बाजूला वळलेली दिसते. साच्यातून मूर्ती बाहेर आली की पुन्हा डावी. आपल्याकडे घरी डाव्या सोंडेचाच गणपती आणायची रीत. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं सांभाळणं सगळ्यांना जमत नाही, असं आजी-पणजीपासून ऐकलेलं. बारा वर्षांची मुलगी, खाली मखरात डाव्या सोंडेचा गणपती, आणि वर माळ्यावर ती वाचतेय की सोंड उजवी झाली. ते चित्र का रुतलं हे वेगळं सांगायला नको.

एवढं हाताशी आल्यावर नाव सुचायला वेळ लागला नाही. 'उजव्या सोंडेचा गणपती', जयंत नारळीकर. सोंडेची बाजू बदलणं आहे, हाताची बाजू बदललेला क्रिकेटचा गोलंदाज आहे. संग्रह आमच्याच कपाटात होता. मे महिन्यात, २० तारखेला, नारळीकर गेले तेव्हा मी त्यांची पुस्तकं काढून टेबलावर मांडली होती. पावसाळा लागल्यावर ती परत आत गेली होती.

नारळीकरांच्या बाबतीत नावावर विसंबण्यातला धोका फार छान दिसतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्या काळी स्पर्धेच्या कागदांत 'नारळीकर' शोधणाऱ्याला काहीच सापडलं नसतं.

मी कथेची पानं ताईंना पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्या आधी रडल्या, मग म्हणाल्या, "गणपती हाच. बोलर हाच. पण भाऊ, माझा माणूस यात नाही. पोफळीतला."

उरलेला माणूस

हा टप्पा बहुतेक शोधांत येतो आणि बहुतेक जण इथेच थांबतात. गोष्ट सापडली, बाकीचं तुमच्या मनाचं, असं म्हणून वही मिटतात. मला ते पटत नाही. आठवणीत उरलेला तुकडा एवढा ठसठशीत असेल तर तो सहसा दुसऱ्या गोष्टीचा असतो. वहीत मी नवं पान काढलं आणि नारळीकरांच्या कथेत न बसणारं तेवढंच लिहिलं: वीज, पोफळी, उलटी अक्षरं, जेवूनही भूक, स्फोट.

आधी एच. जी. वेल्सची १८९६ची 'द प्लॅटनर स्टोरी' आठवली. शाळामास्तर, प्रयोगात स्फोट, नऊ दिवस बेपत्ता, परत येतो तेव्हा काळीज उजवीकडे. ताईंना सांगितली. "नाही. शाळा नव्हती. आणि त्याला भूक लागायची." भूक हीच खूण होती.

ती भूक खरी, म्हणजे शास्त्राला धरून आहे. १८४८मध्ये लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने निवडून दोन ढीग केले, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले. रेणूंनाही डावं-उजवं असतं हे तिथून कळलं. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या बाजूच्या अमिनो आम्लांची, शर्करा उजव्या बाजूच्या. कार्व्होन नावाच्या एकाच द्रव्याचं एक रूप शहाजिऱ्याच्या वासाचं, त्याचं आरशातलं रूप पुदिन्याच्या वासाचं. नाकालाही फरक कळतो. अख्खा माणूस उलटला तर त्याचे पाचक रसही उलटले, आणि आपलं साधं वरण-भात-मासळी त्याच्या पोटाला कुलपात उलटी किल्ली घातल्यासारखं होईल. ताट भरलेलं आणि माणूस उपाशी.

आर्थर सी. क्लार्कच्या 'टेक्निकल एरर'मध्ये नेमकं हेच आहे. वीजकेंद्रातला इंजिनिअर, नव्या धर्तीच्या प्रचंड जनरेटरमध्ये शॉर्टसर्किट, तो आत. बाहेर काढतात तेव्हा त्याला छापील अक्षरं उलटी दिसतात. पुढे डॉक्टरांच्या लक्षात येतं की हा उपासमारीने जाणार. त्याला परत सुलटा करायला जातात, आणि शेवट त्या वीजकेंद्राच्या नाशाकडे जातो. इंग्रजी विज्ञानकथांची एक मोठी सूची स्वयंसेवकांनी १९९५पासून संगणकावर उभी केली आहे, 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस'. तिथे पाच मिनिटांत कळतं की ही कथा १९४६ साली छापली गेली, १९५०मध्ये 'द रिव्हर्स्ड मॅन' या नावाने पुन्हा आली आणि १९५६च्या 'रीच फॉर टुमॉरो' या संग्रहात पहिल्याच नावाने आहे.

पण ताईंनी सातवीपर्यंत इंग्रजी कथा वाचलेली नव्हती. मग ही त्यांच्यापर्यंत आली कशी? मी भाषांतराच्या मागे लागलो. अंतरकरांच्या 'नवल'पासून अनेक मासिकांनी त्या काळी परक्या कथांची मराठी रूपं दिली, आणि मूळ नाव दरवेळी दिलेलं असेच असं नाही. भा. रा. भागवतांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला तो उघडपणे, व्हर्नचं नाव सांगून. सगळ्यांनी तसं केलं नाही. मी महिनाभर याच दिशेने पत्रं लिहीत होतो. एकदा मुद्दाम रत्नागिरीला, १८२८पासूनच्या जिल्हा नगर वाचनालयातही जाऊन आलो.

गाठ सुटली ती एका शब्दाने. चिपळूणहून येताना एसटीत माझ्या पुढच्या बाकावरचा माणूस कंडक्टरला म्हणाला, "एक पोफळी." कंडक्टरने सांगितलं, ही गाडी नाही, पलीकडची.

पोफळी! गुहागरच्या मुलीला पोफळी म्हणजे घरामागची सुपारीची झाडं. बेचाळीस वर्षं तिने तो माणूस वाडीत, पोफळींच्या रांगेत, शिंपणं करताना उभा केला होता. आणि चिपळूण तालुक्यात घाटाच्या पायथ्याला पोफळी गाव आहे. तिथे डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे.

घरी येऊन ओली छत्री हातात असतानाच फोन लावला. "ताई, तुमच्याकडे कोयनेला कोणी नोकरीला होतं?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "मावशीचे यजमान. कोयनेचे काका. गणपतीला यायचे."

ते कधीच गेले. त्यांचा मुलगा चिपळुणात असतो. ताईंनी त्याला फोन केला आणि त्याने विचार न करता सांगितलं, "अगं ताई, ती बाबांची गोष्ट. लाइट गेली की सांगायचे. दरवर्षी मागायचो आपण." काका मुंबईला गेले की फोर्टच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं आणायचे. कंदील मध्ये ठेवून, पोरांना भोवती बसवून त्यातल्या गोष्टी मराठीत सांगायचे. माणूस इंजिनिअर, जागा त्यांची स्वतःची, पोफळी. क्लार्कच्या जनरेटरला त्यांनी सह्याद्रीत आणून बसवलं होतं.

मावसभावाच्या घरात २२ जुलै २०२१च्या पुराचं पाणी शिरलं होतं, खालचं कपाट गेलं. काकांची ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. त्याने फोटो पाठवला. मुखपृष्ठ नाही, पाठीचा डिंक सुटलेला, अनुक्रमणिकेच्या कडेला कसरीने खाऊन नक्षी केलेली. पण ओळ वाचता येत होती: टेक्निकल एरर. तिच्यापुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला, मराठीत. 'उलटा'.

म्हणजे १९८३च्या त्या एकाच गणपतीत दिवसा माळ्यावर एक गोष्ट वाचली गेली आणि रात्री कंदिलाशी दुसरी ऐकली गेली. दोन्हींत डाव्याचं उजवं होत होतं. दोन्ही मुलीच्या मनात एकमेकींत मिसळल्या, आणि तिने त्यांची एक केली. यात मला आठवणीचा दोष दिसत नाही. त्या मुलीला दोन्ही कथांमधली एकच कल्पना बरोबर कळली होती.

या प्रकरणाने माझ्या विचारायच्या पद्धतीत एक प्रश्न कायमचा वाढला आहे: वाचली होती की ऐकली होती? आपल्याकडे एका घरात एक पुस्तक आणि दहा कान असायचे. वाचणारा एक, बाकीचे ऐकणारे, आणि वर्षांनंतर सगळ्यांना आपण वाचली असंच वाटतं. ऐकलेल्या गोष्टीला सूची नसते. तिची नोंद मावसभावाकडेच मिळते, आणि तीही तो आहे तोवर.

एक धागा सुटा राहिला आहे, दोन रकान्यांच्या त्या अंकाचा. मामाचा माळा २००० नंतर उतरवला, रद्दी गेली. मराठीत १९०९पासून दिवाळी अंक निघतात, पण कोणत्या अंकात कोणती कथा आली हे एका जागी सांगणारं काही माझ्या हाताशी नाही. 'किशोर'चे १९७१पासूनचे अंक बालभारतीने खुले केले आहेत, त्यांचा आधार वाटतो. बाकीच्यांसाठी गठ्ठे उपसणं हाच मार्ग, आणि कोकणातल्या दमट हवेत ते गठ्ठे दरवर्षी थोडे कमी होतात. वहीत मी 'अंक: शोध चालू' असं लिहून ठेवलंय. पिवळा डाग असलेला अंक कुणाच्या माळ्यावर निघाला तर तो मला बघायचा आहे.

दिवाळीत ताई पुन्हा आल्या, मावसभावाला घेऊन. इंग्रजी कथेची पानं मी छापून ठेवली होती. त्यांनी ती हातात घेतली, दोन ओळी बघितल्या आणि मला परत दिली. "तुम्ही सांगा. मराठीत. आम्ही ऐकतो." संध्याकाळी सातला वाचनालय बंद करायची वेळ झाली होती. मी दार लोटून घेतलं, आतला एकच दिवा ठेवला आणि सुरुवात केली: "एका वीजकेंद्रात एक इंजिनिअर होता..."

"पोफळीत," दोघं एकदम म्हणाले.